गिटारची कड

दसरा उलटला की कर्जतच्या आसपासची शेतं बघता बघता रंग बदलतात. आदल्या सोमवारी हिरवं दिसलेलं खाचर पुढच्या सोमवारी पिवळं होऊन वाकलेलं असतं. परवा शाळेत जाताना खालापूरच्या रस्त्यावर एका वळणाला कापणी सुरू झालेली दिसली. बायका ओळीनं वाकलेल्या, त्यांच्या मागे कापलेला भात आडवा पसरलेला, आणि त्यावरून येणारा तो वास. थोडा गोड, थोडा धुळीचा, उन्हात दिवसभर पडलेल्या चटईसारखा. रिसॉर्टला आलेली मुंबईची माणसं गाडीच्या काचा खाली करून हा वास घेतात. मला मात्र त्या वासानं अजून अवघडल्यासारखं होतं. मी स्कूटरचा वेग वाढवला आणि वळण मागे टाकलं.

मी विज्ञान शिकवते. शाळेच्या कार्यक्रमांत गिटारही वाजवते, कारण कॉलेजात असताना शिकले होते आणि शाळेत दुसरं कुणी वाजवणारं नाही. गिटारवाल्यांमध्ये दोन गोष्टींवरून न संपणारे वाद चालतात. नेक किती रुंद असावा आणि पोट किती मोठं असावं. नेक म्हणजे डाव्या हातात धरायचा तो दांडा, ज्यावर बोटांनी तारा दाबतात. पोट म्हणजे आवाज घुमवणारी पेटी. या दोन्हींबाबत माझी मतं ठाम होती. माझी बोटं आखूड, म्हणून नेक अरुंद हवा. अंगठा वरून वळवून सहाव्या तारेपर्यंत पोचला पाहिजे. आणि पोट मात्र मोठं, खोल, रुंद खांद्यांचं. लहान पोटाच्या गिटारींना मी खेळणी म्हणायचे. कुणी मुलगी तशी गिटार घेऊन आली की, "अगं, हिला आवाज कुठे आहे?" असं सहज बोलून जायचे.

त्या मोठ्या गिटारचं खरं सुख मी कुणाला सांगितलं नव्हतं. ती वाजते तेव्हा तिची पाठ छातीला टेकलेली असते, आणि खालचा जाड सूर कानात शिरायच्या आधी बरगड्यांत शिरतो. सकाळी डबा करून, आवरून, शाळेला निघण्यापूर्वी मी चार-दोन मिनिटं तिला जवळ घ्यायचे. वाजवण्यापेक्षा ते अंगात घुमणं मला हवं असायचं.

काही वर्षांपूर्वी, होळीच्या सुमारास, माझा डावा स्तन काढला.

हे वाक्य मी आधी वेगवेगळ्या प्रकारे लिहून पाहिलं. 'माझं ऑपरेशन झालं.' 'गाठ काढली.' 'मोठ्या आजारातून उठले.' त्या वर्षी मी लोकांना असंच काहीतरी सांगत होते. पावसाळा पुढच्या उपचारांत गेला, केस गेले, आणि गंमत म्हणजे केसांबद्दल सगळ्यांशी बोलता येत होतं. डोक्याला रुमाल बांधून मी शाळेत गेले तर मुलींनी त्यावर मोती लावून दिले. शिपाईमामा म्हणाले, "येतील हो बाई, आधीपेक्षा दाट येतील." केसांचं दुःख चारचौघांत मांडता येतं. दुसऱ्या दुःखाला नावच नव्हतं. माझे यजमान दिलीप खोपोलीला कारखान्यात आहेत. ते मला दवाखान्यात नेत, गोळ्यांच्या वेळा माझ्याहून जास्त लक्षात ठेवत, पण मी कपडे बदलायला लागले की गॅलरीत जाऊन उभे राहत. त्यांना वाटे मला संकोच होईल. मला वाटे त्यांना बघवत नाही. आम्ही दोघांनी हे एकमेकांना विचारलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं. पण घरात ते वाक्य कुणी काढलं नाही.

काखेतल्या गाठीही काढल्या होत्या, त्यामुळे डावा हात सुजायचा. दुपारपर्यंत बोटं जाड व्हायची. अंगठी काढून ठेवली होती, बांगड्याही. डाव्या मनगटाकडे बायकांची नजर जायची आणि मी साडीचा पदर त्यावरून ओढून घ्यायचे. मी काही चुकीचं वागले नव्हते. कुणाचं काही घेतलं नव्हतं, कुणाला फसवलं नव्हतं. तरी चोरी करून आल्यासारखी मी वावरत होते. अपराध नसताना लाज कशी येते हे मला विज्ञानाच्या कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत दरवर्षी कार्यक्रम असतो. पत्र्याच्या छपराचं सभागृह, दुपारची वेळ, पुढच्या रांगांत पालक. सातवीच्या मुली समूहगीत म्हणणार आणि मी साथ करणार. सगळे म्हणाले, "या वर्षी राहू दे." मीच हट्ट केला. मला पूर्वीसारखं दिसायचं होतं. निळी साडी नेसले, आणि डाव्या बाजूला ब्लाउजच्या आत कापडी पॅड नीट बसवला. त्याची मला तोवर सवय झाली होती.

खुर्चीत बसून, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, मोठी गिटार मांडीवर घेतली तेव्हाच काहीतरी वेगळं वाटलं. तिच्या पाठीची वरची कड छातीला टेकत होती, पण आवाज आत येत नव्हता. डावी बाजू बधिर झालेली. गिटार माझ्या अंगाला लागून वाजत होती आणि जणू भिंतीला लागून वाजत असावी तसं मला काहीच कळत नव्हतं. बोटंही ऐकेनात. अरुंद नेकवर तारा जवळजवळ असतात. सुजलेलं बोट एक तार दाबायचं आणि शेजारच्या तारेला टेकून तिचाही आवाज बंद करायचं. मुली गात होत्या, म्हणून फारसं जाणवत नव्हतं.

दुसऱ्या कडव्याला मी वर पाहिलं. पहिल्या रांगेतल्या आया माझ्या हातांकडे बघत होत्या. मग त्यांच्या नजरा हातांवरून वर सरकल्या, एका जागी थांबल्या आणि एकदम खाली गेल्या. मी मान वाकवून पाहिलं. गिटारच्या कडेनं रेटत रेटत पॅड वर सरकला होता. गळ्याच्या हाडाखाली, निळ्या कापडाच्या आत, तो उंचवटा होऊन बसला होता. आणि जिथं असायला हवा होता तिथं सपाट.

माझे हात थांबले. मुली थोडं पुढे गात गेल्या, मग एकेक आवाज गळत गेला आणि शेवटी एकच मुलगी गात राहिली, तीही गोंधळून गप्प झाली. मी माइकमध्ये म्हटलं, "तार तुटली." सहाच्या सहा तारा शाबूत होत्या. गिटार छातीपुढे दरवाजासारखी धरून मी पायऱ्या उतरले.

मागच्या खोलीत चित्रकलेच्या बाई धावत आल्या. पदराला पिन लावता लावता म्हणाल्या, "कुणाला काही कळलं नाही हो." त्या एवढ्या घाईनं म्हणाल्या, की सगळ्यांना कळलं आहे हे मला तेव्हाच समजलं.

गिटार कपाटावर गेली. सुट्टी लागली. दिवाळीत पाहुणे आले, फराळ झाला, आणि मुलांनी "काकू, वाजव ना" म्हटलं की मी तार तुटल्याचं सांगत राहिले. एकदा दिलीप म्हणाले, "मी आणतो नवीन तारा." मी म्हटलं, "नको. मलाच कंटाळा आलाय."  त्यांनी वर्तमानपत्र उचललं.

पण हातांना सवय असते. भाजी चिरताना डाव्या हाताची बोटं नकळत पडवळावर कॉर्ड धरायची, एका वेळी तीन तारा दाबाव्यात तशी. भाऊबीज झाल्यावर एका दुपारी मी कर्जतच्या बाजारात रफिकभाईंच्या दुकानात गेले. दुकान तसं ढोलकी, बेंजो आणि लग्नाच्या स्पीकरचं. गिटारी कोपऱ्यात टांगलेल्या. रफिकभाई बोलघेवडे. त्यांना गिटारीतलं फारसं कळत नाही आणि ते तसं मोकळेपणानं सांगतातही.

"बोला ताई. तुमच्याकडे तर मोठी आहे ना?"

"लहान पोटाची हवी. आणि नेक रुंद पाहिजे."

"लहान पोट आणि रुंद नेक? असं उलटं कोण मागतं? कोणासाठी?"

खरं म्हणजे उत्तर साधं होतं. दुकानात स्पीकरची वायर घ्यायला आलेला एक माणूस उभा होता. मी म्हटलं, "नणंदेसाठी."

"मग नणंदबाईंना घेऊन या. हातात धरल्याशिवाय नका घेऊ. परत आणाल, मला त्रास."

माझी नणंद सुमन कळंबजवळच्या एका गावात दिली आहे. मी तिला वन्सं म्हणते. ती वयानं माझ्याहून लहान, अंगानं दांडगी. शेत करते, आणि शनिवार-रविवारी एका रिसॉर्टवर भाकऱ्या भाजते. गिटारला तिनं कधी हातही लावला नव्हता. संध्याकाळी मी तिला फोन केला आणि काय करून बसले ते सांगितलं.

"पन तुमची गिटार तुमालाच घ्यायची ना? मंग माझं नाव कशाला?" ती म्हणाली.

 फोनवर तिच्या खळ्यातला झोडणीचा आवाज येत होता. माझ्या ऑपरेशनचं तिला माहीत होतं, पण मी तिच्याशी त्यावर कधी एक शब्द बोलले नव्हते. कार्यक्रमातलं तर नाहीच.

"बरं," ती म्हणाली. "मंगळवारी बाजाराला येते मी. तवा जाऊ."

मंगळवारी ती थेट शेतातून आली. केसांत पेंढ्याची कुसळं, हाताला विळ्याचे वण. दुकानात प्लास्टिकच्या स्टुलावर बसली आणि रफिकभाईंनी मोठी गिटार हातात दिल्यावर तिनं ती सुपासारखी आडवी धरली. मी ती वळवून दिली. दुकानात तिच्या ओळखीची कशेळ्याची एक बाई मुलासाठी ढोलकी बघत होती. तीही बघायला लागली.

"हे तर पोटुशा बाईवानी हाय," वन्सं म्हणाल्या. सगळे हसले. मग वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढून घेतली. त्यांनी गिटारच्या पाठीची कड चाचपली, ती स्वतःच्या छातीला कुठे लागते ते बघितलं, आणि आवाज जराही न उतरवता म्हणाल्या, "रफिकभाई, ही नको. हिची कड इथं टोचते." आणि डाव्या छातीवर पंजा ठेवला. "इथलं कापलंय माझं."

रफिकभाई खाली बघायला लागले. ढोलकीवर थाप मारून बघणारी ती बाई थाप मारायची थांबली.

"असं काय करता? बाईमानसाला दुखणं येत नाय का?" वन्सं म्हणाल्या. "दुसरी दाखवा. आणि माझी बोटं जाड हायत, तारा लांब लांब असलेली द्या."

मी तिथंच उभी होते. शिकलेली, वर्गात शरीररचना शिकवणारी, आकृती काढून प्रत्येक अवयवाचं नाव फळ्यावर लिहिणारी.  जे मी सांगायला हवं होतं ते ती भर बाजारात स्वतःच्या नावावर सांगत होती. संध्याकाळपर्यंत हे कशेळ्याला पोचेल आणि उद्या तिच्या गावात, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. तरी मी फक्त बॅगेचा पट्टा घट्ट धरून उभी राहिले.

रफिकभाई आतून एक धुळीची पेटी घेऊन आले. एका रिसॉर्टनं मागवली होती, आवाज लहान म्हणून परत केली होती. "हिला पार्लर म्हणतात," ते म्हणाले.

"पार्लर? भुवया करायच्या का काय हिच्यानं?" वन्सं म्हणाल्या, आणि त्या अवघडल्या दुकानात पुन्हा हसू आलं.

त्यांनी ती घेतली आणि माझ्यासमोर धरली. "वैनी, तुमीच बघा बाबा, मला काय कळतंय."

मी बसले. कमरेत बारीक, उथळ, जुन्या सतारीच्या रंगाची गिटार. मांडीवर ठेवल्यावर तिची वरची कड छातीच्या खालीच राहिली. नेक धरला तर जुन्यापेक्षा पाच-सहा मिलिमीटर रुंद असेल. एवढासा फरक, पण सुजलेल्या बोटांना मधे जागा मिळत होती. मी साधी जी कॉर्ड धरली. सगळ्या तारा बोलल्या. आवाज बारीक होता, आणि तो पोटाजवळ कुठेतरी, बेंबीच्या वर, मला लागला. कित्येक महिन्यांनंतर आवाज अंगाला लागला.

"हीच द्या," वन्सं रफिकभाईंना म्हणाल्या. "मला जमंल ही."

घरी नेल्यावर दिलीपनी ती हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली. "आवाज लहान वाटतो हिचा."

"हो."

"जुनी का नको झाली?"

 जुन्या गिटारचं निमित्त करून मी म्हटलं, "तिची कड लागते." ते समजले असावेत. खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसले, एवढे जवळ की मला नीट वाजवता येईना. त्या दिवसापासून ते गॅलरीत जायचे थांबले. आम्ही त्यावर बोललो मात्र नाही. आजही फार बोलत नाही.

मला वाटलं, सुटले. पण वन्संच्या गावात व्हायचं ते झालंच होतं. शेवटच्या खाचराची कापणी राहिली होती तेव्हा रविवारी मी तिच्याकडे गेले. "आणा ती गिटार," असं तिनंच बजावलं होतं. विळा मला चालवायचा नव्हता, डाव्या हाताला जखम होऊ द्यायची नाही अशी डॉक्टरांची ताकीद. मी बांधावर आंब्याच्या सावलीत बसून हळूहळू वाजवत होते. साडीच नेसले होते, आणि पॅड घरीच ठेवला होता. इथं कोण बघतंय, असं मनाशी म्हणत. पदर मात्र दुहेरी घेतला होता.

दुपारी बायका जेवायला सावलीत आल्या. भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, कांदा. माझ्या शेजारी जनाबाई बसली. शेजारच्या शेताची मालकीण, कापणीला एकमेकींच्या शेतावर जातात तशी आलेली. तिनं वन्संकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

"सुमन, तुझं ते कसं हाय गं आता? कशेळ्याची बाई बोलत होती बाजारात. आनि तू अशी वाकून कापतेस? टाके नाय का दुखत?"

वन्संनी भाकरी मोडली. "बरं हाय," त्या म्हणाल्या. "काय होत नाय."

"घरात सांगितलंस का सगळं? नवरा काय बोलतो?"

"काय बोलेल? जेवा तुमी."

दुसरी एक बाई म्हणाली, "तरी म्हनलं, दिवाळीला अशी उतरल्यावानी का दिसते."

वन्सं हसल्या. अंगानं एवढी धडधाकट बाई, उन्हात सकाळपासून सगळ्यांच्या पुढे कापत होती, आणि बायका तिच्या छातीकडे चोरून बघत होत्या. त्या नजरा मला ओळखीच्या होत्या. पहिल्या रांगेतल्या होत्या. त्या मला लागायला हव्या होत्या आणि ती त्यांच्यापुढे निवांत बसून कांदा खात होती. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी काही बोलावं अशी तिची अपेक्षाच नव्हती, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"तिचं नाही," मी म्हटलं.

कुणाला ऐकू गेलं नाही. मला पुन्हा म्हणावं लागलं.

"सुमनचं काही झालेलं नाही. ते माझं आहे. दुकानात मला सांगवलं नाही, म्हणून ती बोलली."

भाकरीचे हात थांबले. माझा चेहरा कसा झाला असेल देव जाणे. गिटार अजून मांडीवर होती आणि ती उचलून पुढे धरावी असं फार वाटत होतं. मी ती बाजूला गवतावर ठेवली. दुहेरी पदर खांद्यावरून घसरला होता. तो मी सारखा केला नाही. डाव्या बाजूला काय आहे आणि काय नाही हे त्यांना दिसत होतं. बायका बघत होत्या, आणि आता चोरून नव्हे.

वन्सं म्हणाल्या, "वैनी, चटणी घ्या." 

जनाबाईनं तोंडातला घास सावकाश संपवला.

"कुठच्या बाजूचं?" तिनं विचारलं.

"डाव्या."

"माझ्या भैनीचं उजव्या होतं." तिनं हात पदराला पुसले. समोर कापून टाकलेल्या भाताकडे बघत ती म्हणाली, "तिनं कुनाला सांगितलंच नाय."